ढिगाऱ्यावर जाणारी माती : उत्खनन करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रात पुरातत्त्वीय उत्खनन करणारे सर्व संचालक,
आणि त्यांना परवानगी व निधी देणारे अधिकारी

विषय : जळके दाणे, बिया आणि कोळसा यांचे नमुने उत्खननाच्या पहिल्या दिवसापासून घेण्याबाबत

स. न. वि. वि.

मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक. लाकडाची अंतर्रचना हा माझा विषय. त्यामुळे उत्खननात निघालेला कोळसा ‘झाड कोणते ते सांगा’ म्हणून अधूनमधून माझ्याकडे येतो. तो कसा येतो ते आधी सांगतो. काम संपलेले असते, चर बुजवलेले असतात, अहवालाची पाने जुळवणे चालू असते, तेव्हा कुणाला तरी कपाटातल्या पुड्या आठवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलाच भरून ठेवल्यामुळे कोळशावर बुरशी चढलेली असते. काहींना कापसात गुंडाळलेले असते. त्याचे तंतू तुकड्यांत असे गुंततात की ते काढताना निम्मा नमुना भुगा होतो. चिठ्ठीवर चराचा क्रमांक असतो, फार तर तो किती खोलवर मिळाला ते असते. हा कोळसा चुलीतला, जळून कोसळलेल्या खांबाचा, की राखेच्या खड्ड्यातला, याचा पत्ता नसतो.

मी झाडाचे नाव कळवतो. ते अहवालाच्या शेवटी परिशिष्टात एका ओळीत छापले जाते आणि विषय मिटतो. या पत्राचे कारण एवढेच, की हा विषय असा मिटू नये. वनस्पतींचे अवशेष गोळा करणे हे उत्खननानंतर करायचे सौजन्य नाही. ते खोदकामाचाच भाग व्हायला हवे आणि परवानगीच्या अर्जातच त्याची तरतूद विचारली गेली पाहिजे.

आधी कोळशाबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज फार. अनेकांना वाटते की जळले म्हणजे संपले. उलट आहे. आपल्या पावसाळी मुलखात न जळलेले लाकूड आणि दाणे बुरशी, वाळवी आणि जिवाणू काही वर्षांत फस्त करतात. कार्ले आणि भाजे इथल्या चैत्यगृहांतील लाकडी फासळ्यांसारखी छपराखाली, कोरड्यात राहिलेली लाकडे हा अपवाद. हवा कमी पडून, धुमसत जळालेले लाकूड मात्र जवळजवळ शुद्ध कार्बन होते. ते कोणी खात नाही आणि त्यातली पेशींची रचना जशीच्या तशी राहते. तुकडा हाताने किंवा पात्याने ताजा मोडायचा, तोही तीन दिशांनी : आडवा, किरणांच्या दिशेने उभा आणि त्याला काटकोनात उभा. मग वरून प्रकाश पडणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. साग असेल तर वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या नलिकांची रांग दिसते, पुढे त्या बारीक होत जातात. बाभूळ-खैराच्या गटात नलिका विखुरलेल्या आणि भोवती मऊ पेशींचे दाट कडे. देवदारासारख्या सूचिपर्णी झाडात नलिका नसतातच आणि देवदाराच्या पेशींमधल्या खळग्यांची आतली चकती झालरीसारखी कातरलेली असते. एवढ्या एका खुणेवर देवदार बाकी सूचिपर्णींतून वेगळा काढता येतो.

अर्थात सगळे इतके सोपे नाही. पुष्कळदा प्रजातीपर्यंत जाता येत नाही, वंशावरच थांबावे लागते. कोळसा आकसलेला असतो, त्यामुळे मोजमापे जपून वापरावी लागतात. ज्याच्या ओळखीत एकदाही ‘निश्चित सांगता येत नाही’ असे येत नाही, त्याच्यावर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. १९४६ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी हडप्पाच्या दफनभूमीत खोदकाम केले. तिथल्या एका शवपेटीच्या लाकडाचे अवशेष डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी तपासले. पेटी शिसवाची आणि झाकण देवदाराचे निघाले. देवदार पंजाबच्या मैदानात उगवत नाही, तो हिमालयातून आणावा लागतो. म्हणजे कुजलेल्या फळीच्या भुग्यातून डोंगर ते नगर असा लाकडाचा व्यवहार उघड झाला. त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी मोहेंजोदडोच्या चांदीच्या भांड्याला चिकटलेल्या चिंध्या तपासल्या आणि तो कापूस असल्याचे सांगितले. पुढे नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन थरातली तांब्याच्या मण्यांची माळ आली. मण्यांत अडकून राहिलेला दोरा गुलाटींनीच पाहिला, त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही होते. तांब्याच्या क्षारांनी तो दोरा टिकवला. कोणी मणी घासूनपुसून लखलखीत केले असते तर? (असे घासलेले मणी मी पाहिले आहेत. कुठले, ते सांगत नाही.)

आता तारखांचा प्रश्न, आणि तो सगळ्यात नाजूक आहे. आपण सगळे कोळसा काढतो तो मुख्यतः किरणोत्सारी कार्बनची तारीख मिळावी म्हणून. तुकडा जितका मोठा तितका आनंद मोठा. पण कार्बनची तारीख झाड जळल्याची नसते, ते वर्षवलय तयार झाल्याची असते. दोनशे वर्षांच्या सागाच्या खांबाचा गाभा तुम्ही तारखेला पाठवलात, तर घर बांधले त्याच्याही दोनशे वर्षे आधीची तारीख हाती येईल. शिवाय साग टिकाऊ. एका घराचा वासा दुसऱ्या घराला लावण्याची रीत आजही खेड्यात आहे, तेव्हाही असणार. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा पूर्व जोर्वे काळ, म्हणजे जोर्वे संस्कृतीचा आधीचा टप्पा, इसवी सनपूर्व १४०० ते १००० असा धरला जातो, म्हणजे सगळा मिळून चारशे वर्षांचा. त्यात दोनशे वर्षांची चूक शिरली, तर कोणते घर आधीचे आणि कोणते नंतरचे हेच उलटेपालटे होईल.

म्हणून तारखेआधी ओळख. तुकडा कोणत्या झाडाचा, फांदीचा की बुंध्याचा, साल किंवा शेवटचे वलय शिल्लक आहे का, हे पाहूनच नमुना निवडावा. शक्य असेल तिथे कोळसा सोडून दाणाच पाठवावा. सातूचा (जवाचा) दाणा एका हंगामाचा असतो, त्याला गाभा नसतो. किरणोत्सारी कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या ॲक्सिलरेटर पद्धतीला काही मिलिग्रॅम कार्बन पुरतो, त्यामुळे एक दाणाही चालतो. ही सोय दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत आहे, परदेशात पाठवायलाच हवे असे नाही. पाठवण्यापूर्वी दाण्याचे छायाचित्र आणि मापे घेऊन ठेवा, कारण तपासणीत तो जाळून संपतो.

दाण्यांकडे वळतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या उत्खननकर्त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथले वनस्पती अवशेष एम. डी. काजळे यांनी अभ्यासले, हे नाव मात्र पुरातत्त्वाबाहेर फारसे कोणी घेत नाही. आज त्या भागात बाजरी-ज्वारीची भाकरी खाल्ली जाते. तीन हजार वर्षांपूर्वी तिथले मुख्य धान्य सातू होते. सोबत गहू, मसूर, वाटाणा, लाखेची डाळ, हुलगे आणि रानातली बोरे. उत्तर जोर्वे काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या येतात, शेती आक्रसते आणि शिकारीवर भर वाढतो. ढवळीकरांनी त्यामागे वाढत्या कोरडेपणाचे कारण मांडले. हे कारण कोणाला पटो न पटो, त्यावर वाद घालायला आधी दाणे हातात असावे लागतात. ते तिथे होते, कारण माती चाळली गेली होती, पाण्यावर तरंगवली गेली होती. त्यानंतरच्या किती उत्खननांबद्दल आपल्याला असे म्हणता येईल?

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या मातीच्या, टेकाडांची अवस्था तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. शेतात टाकायला पांढरी माती ट्रॉल्या भरभरून जाते. एका टेकाडाला पुन्हा खोदण्याची संधी मिळेलच असे नाही. मग आपणही खापरे आणि मणी वेचून उरलेली माती घमेल्याने ढिगाऱ्यावर टाकणार असू, तर शेतकऱ्याच्या ट्रॉलीत आणि आपल्या घमेल्यात फरक कागदाचाच राहतो. हे कडक वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दख्खनच्या काळ्या मातीचा एक खास त्रास आहे, जो परदेशी पुस्तकांत नीट सापडत नाही. उन्हाळ्यात या मातीला हातभर खोल भेगा पडतात आणि वरचे दाणे थेट खालच्या थरात जाऊन बसतात. पाऊस आला की भेग मिटते, मागमूस राहत नाही. उंदीर आणि मुंग्या आपापली भर घालतात. म्हणून आपल्याकडच्या उघड्या टेकाडात न जळलेली बी मिळाली तर ती आजचीच समजावी. मी जोर्वे थरातल्या म्हणून आलेल्या पुडीत गाजरगवताचे बी पाहिले आहे. ते अमेरिकेतले तण, पुण्याच्या परिसरात ते गेल्या शतकाच्या मध्याला पसरू लागले. जळलेल्या दाण्यालाही भेग सोडत नाही. जे पीक त्या काळात अनपेक्षित वाटते, त्याच्या एखाददुसऱ्या दाण्यावर पानभर सिद्धान्त उभारण्याआधी त्या दाण्याचीच तारीख काढावी, शेजारच्या कोळशाची नव्हे.

आणखी एक गुंता गोवऱ्यांचा. चुलीतला प्रत्येक दाणा माणसाच्या ताटातला असतो असे आपण गृहीत धरतो. पण जनावराने खाल्लेले गवताचे आणि पिकाचे बी शेणातून गोवरीत आणि गोवरीतून चुलीत येते. ते ओळखायचे तर एकटा दाणा पाहून भागत नाही, त्यासोबत कोणत्या तणांच्या बिया आल्या, तूस किती, काडाचे तुकडे किती, हे सगळे मोजावे लागते. मळणी, उफणणी, कांडण, पाखडणे या प्रत्येक पायरीचा कचरा वेगळा असतो. स्वच्छ दाणे असले तर तिथे साठवण किंवा स्वयंपाक असू शकतो, तूस आणि तण जास्त असले तर खळे किंवा उखळ जवळ असावे. या कामी माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी धडे दिले ते गावातल्या म्हाताऱ्या बायांनी. कोणता कोंडा सुपाच्या पुढे जातो आणि कोणता खडा मागे राहतो, हे त्यांना बोटांनी ठाऊक असते.

कोळशाचेही तसेच. चुलीतला कोळसा म्हणजे शेवटच्या एक-दोन जाळांचे सरपण, त्यावरून आजूबाजूचे रान सांगू नये. घरभर, अंगणभर, राखेच्या खड्ड्यात विखुरलेला बारीक कोळसा हा अनेक वर्षांच्या सरपणाचा मिळून साचलेला असतो. रानाचे चित्र काढायचे तर तोच हवा आणि नेमका तोच कोणी उचलत नाही, कारण तो दिसायला क्षुल्लक. साग आणि ऐन कमी होऊन बाभूळ, बोर, हिवर वाढले, असा बदल एकाच वस्तीच्या वरच्या-खालच्या थरांत दिसला, तर जंगल तुटल्याचा तो साक्षीदार आहे. ठळक तुकडे वेचून हा बदल कधीच दिसणार नाही.

मग करायचे काय? फार काही नाही. प्रत्येक थरातून, प्रत्येक चुलीतून, बलदाच्या (धान्य साठवण्याच्या जागेच्या) तळातून, खड्ड्यातून दहा ते वीस लिटर माती घ्यायची. थर रिकामा वाटला तरी घ्यायची, कारण न मिळणे हीही नोंद आहे. काळी माती पाण्यात गोळे धरून बसते, म्हणून बादलीत मूठभर खायचा सोडा टाकून ती रात्रभर भिजवायची. सकाळी हाताने हलकेच ढवळायची. कोळसा आणि दाणे वर येतात, ते बारीक जाळीच्या कापडातून गाळून घ्यायचे. शिफॉनचा तुकडा उत्तम चालतो, मलमलही चालेल. खालचा गाळ मिलिमीटरभराच्या चाळणीने धुऊन पाहायचा, त्यात जड कोय, माशांची हाडे आणि बारीक मणी हमखास सापडतात. गाळलेले सावलीत वाळवायचे, उन्हात वाळवले तर दाणे तडकतात. पूर्ण सुकल्यावरच डबीत भरायचे. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, एक डबीच्या आत आणि एक बाहेर. कोळशावर कोणताही डिंक किंवा रसायन लावायचे नाही, नाहीतर तारीख बिघडते. नदीकाठच्या वस्त्यांना पाण्याचीही अडचण नसते.

खर्चाचे कारण मला कोणी देऊ नये. एका ड्रोनच्या भाड्यात कित्येक हंगामांचे कापड आणि सोडा येतो. खरी अडचण माणसांची आहे, हे मान्य. बियांच्या आणि कोळशाच्या ओळखीचे काम मंद असते, एका नमुन्यावर दिवस जातो आणि या कामावर नोकरी मिळेल अशी खात्री नसल्यामुळे चांगले विद्यार्थी टिकत नाहीत. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेत आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात हे काम जाणणारे लोक आहेत. पण देशभराचे नमुने त्यांच्याच दारात जातात. उत्खननाच्या अंदाजपत्रकात ‘वनस्पती अवशेष’ म्हणून वेगळी रक्कम आणि त्यासाठी एक माणूस, एवढे झाले तरी चित्र पालटेल.

दुसरी अडचण तुलनेच्या संग्रहाची. डेहराडूनचा लाकूड संग्रह मोठा आहे, पण आपल्याला हवीत ती इथली झुडपे, वेली, सरपणाची झाडे, आणि तीही जाळून कोळसा केलेली. अंजन, धावडा, हिवर, करवंद, कुडा, निवडुंगसुद्धा. पुण्यात एकाच शहरात डेक्कन कॉलेज आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय आहे. तिघांनी मिळून सह्याद्री आणि दख्खनच्या झाडांचा जळका संग्रह करणे अशक्य नाही. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत सुमारे चारशे अंशांना भाजलेले तुकडे, सोबत वाळवलेल्या फांदीचा नमुना आणि जागेची नोंद. महाविद्यालयातल्या मुलांकडून हे होऊ शकते, मी ते थोड्या प्रमाणावर करून पाहिले आहे.

आणि जे ओळखले गेले, ते फेकू नका. दक्षिण भारतातल्या जुन्या थरांतून नाचणी मिळाल्याच्या अनेक नोंदींवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतली. राळा-सावा वर्गातले बारीक दाणे जळून सोलले की नाचणीसारखे दिसतात, हे त्याचे कारण. नाचणी आफ्रिकेतून आली, त्यामुळे तिच्या आगमनाची तारीख हा लहान प्रश्न नाही. तो सोडवायला मूळ दाणे पुन्हा पाहावे लागतात. जिथे दाणे जपले आहेत तिथे वाद पुढे सरकतो, जिथे नाहीत तिथे नुसती छापील यादी हाती उरते आणि तिचे काहीच करता येत नाही.

आपल्या किनाऱ्याची गोष्टही दुसऱ्यांनी सांगितली आहे. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचे रोमनकालीन बंदर आहे. तिथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात एका मंदिराच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. भारतातून आलेला साग मोठ्या प्रमाणावर मिळाला, जुन्या जहाजांच्या फळ्या घरांना लावलेल्या. सोबत तांदूळ, मूग, नारळ. कोरड्या वाळवंटाने ते टिकवले हे खरे, पण तिथे पहिल्यापासून माती चाळली गेली आणि लाकडाची तपासणी तज्ज्ञांनी केली हेही तितकेच खरे. जिथून त्यातला काही माल निघाला असेल त्या सोपारा, चौल, कल्याण या आपल्या बंदरांत काय साठवले जात होते, याचा असा पुरावा आपल्याकडे किती आहे?

जाता जाता, विषय थोडा बाजूचा आहे पण राहवत नाही. पुण्या-नाशकातले वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचे सागवानी खांब, तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात जातात. सागाला वर्षवलये पडतात. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केरळच्या सागाच्या वलयांवरून काही शतकांच्या पावसाचा अभ्यास केला आहे. वाडा पाडण्याची परवानगी देताना प्रत्येक मोठ्या तुळईची एक चकती कापून ठेवण्याची अट घातली, तर मालकाचे काही जात नाही. पेशवाईतल्या दुष्काळांचे कागद आपल्याकडे आहेत, त्यांना जोडून पाहायला झाडांची नोंदही हाती येईल.

तर माझ्या मागण्या अशा : परवानगीच्या अर्जात मातीचे नमुने कसे घेणार याचा रकाना असावा. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी रक्कम असावी. ओळख झाल्याशिवाय कोळसा तारखेला जाऊ नये. ओळखलेले नमुने क्रमांकासह एखाद्या संस्थेत जमा व्हावेत आणि तो क्रमांक अहवालात छापावा.

दिवाळीनंतर आपले चर सुरू होतील. ज्यांना या हंगामात करून पाहायचे आहे त्यांनी कळवावे. वनस्पतिशास्त्राची चार-पाच मुले-मुली बादल्या, चाळण्या आणि कापड घेऊन यायला तयार आहेत. राहण्या-जेवणाची सोय आणि सावलीची एक जागा आपण द्यावी. चर उघडण्याच्या आधी आठवडाभर बोलावलेत, तर कुठली माती किती घ्यायची हे आपल्या पर्यवेक्षकांशी बसून ठरवता येईल.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक